जास्तीची वीज

वीज कमी पडली की बोंब होते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. वीज जास्त झाली तरी तेवढीच पंचाईत होते, हे मात्र नियंत्रण कक्षात बसणाऱ्या मूठभर माणसांखेरीज कुणाच्या गावीही नसतं. साथ आली, सगळं बंद झालं, आणि त्या उन्हाळ्यात नेमकी तीच पंचाईत झाली.

ती त्या कक्षात शिफ्टची प्रमुख होती. समोर भिंतभर पडदा, त्यावर मुलखातल्या सगळ्या वीजकेंद्रांचं आणि तारांचं जाळं, आणि वरच्या कोपऱ्यात ठळक अक्षरांत फ्रिक्वेन्सीचा आकडा. तो आकडा एका जागी राहायला हवा. वापरापेक्षा वीज जास्त झाली की तो वर पळतो, कमी पडली की खाली घसरतो, आणि फार पळाला किंवा फार घसरला की यंत्रं आपापला जीव वाचवायला एकामागून एक जाळ्यातून सुटायला लागतात. मग सगळीकडे अंधार. इतकी वर्षं तिची झोप उडायची ती आकडा खाली जाईल म्हणून. कुठून वीज आणू, कुणाला उसनी मागू, यातच तिची उमेदीची वर्षं गेली होती. आता उलटंच झालं. आधी कारखान्यांचा भार गेला, मग कचेऱ्यांचा, मग बाजारपेठांचा. सकाळी मागणीची रेघ चढायची, ती चढेचना. ऊन मात्र टाळेबंदीत बसलेलं नव्हतं. माळरानांवरचे सौर प्रकल्प भर दुपारी वीज नुसती ओतत होते, आणि ती घ्यायला कुणी नव्हतं.

आजार आत शिरू नये म्हणून अर्ध्या लोकांना नियंत्रण केंद्रातच मुक्काम करायला सांगितलं होतं. त्यात ती होती. प्रशिक्षणाच्या हॉलमधली बाकं भिंतीला लावून खाटा टाकल्या होत्या. जेवणाचे डबे फाटकावर ठेवले जायचे, आणि ठेवणारा माणूस लांब जाऊन उभा राहिला की मगच इकडचा माणूस पुढे व्हायचा. तिचा नवरा आणि लेक चालत जाण्याच्या अंतरावर होते, पण परदेशी गेल्यासारखे फोनच्या पडद्यावरच भेटायचे. तिच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्याला सगळे 'टेन्शन' म्हणत. काहीही झालं तरी तो आधी "टेन्शन घेऊ नका" म्हणायचा, आणि ते ऐकूनच लोक खुर्चीत सरसावून बसायचे.

"टेन्शन घेऊ नका," तो त्या दिवशी म्हणाला, "पण आज दुपारी आपण सगळ्यांना कमीत कमीवर आणलं तरी वीज उरतेय. कुणाला तरी पूर्ण बंद करावं लागेल."

तिला ते सकाळपासून दिसत होतं. कोणाला बंद करायचं, हेही दिसत होतं. नियम साधा होता: ज्याची वीज सगळ्यांत महाग, तो आधी घरी. ऊन आणि वारा फुकटचे, त्यांचा नंबर शेवटी. आणि महागात सगळ्यांत वर होतं ते कोळशावरचं जुनं केंद्र: दोन संच, प्रत्येकात एक बॉयलर, एक टर्बाइन, एक जनरेटर. पाया खणायचं काम चालू होतं तेव्हा तिचे वडील तिथे वेल्डर म्हणून आले आणि तिथलेच होऊन गेले. तिचा जन्म त्या केंद्राच्या कॉलनीतला. तिथली मुलं चित्र काढताना डोंगर आणि सूर्य नंतर काढत, चिमणीचा धूर आधी. वडील गेल्यावर तिचा मोठा भाऊ, दादा, केंद्रात लागला आणि होता होता बॉयलर-टर्बाइन डेस्कवर बसायला लागला. तिला इंजिनियर करायचा हट्ट त्याचाच. "ही पोरगी वीज बनवायला नको," तो आईला म्हणायचा, "हिला वीज वाटायला बसवू. म्हणजे मला कुणीतरी घरचं विचारणारं असेल."

नियंत्रण केंद्राचे मुख्य अभियंता, ज्यांना सगळे मोठे साहेब म्हणत, तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. तिचा भाऊ कुठे असतो हे त्यांना माहीत होतं.

"फोन मी करू का?" त्यांनी हळूच विचारलं.

"नको सर. शिफ्ट माझी आहे."

तिने फोन लावला. त्या लाइनवरचा शब्द न् शब्द रेकॉर्ड होतो, त्यामुळे तिथे सगळे परक्यासारखे बोलतात.

"नियंत्रण केंद्रातून शिफ्ट प्रमुख बोलतेय."

"बोला मॅडम. डेस्क ऑपरेटर."

दादाचाच आवाज. तिने समोरच्या कागदावर नजर रोवली.

"तुमचे दोन्ही संच बंद करायचे आहेत. आधी दुसरा, मग पहिला."

"किती दिवसांसाठी?"

"पुढची सूचना येईपर्यंत."

तिकडे नोंदवहीचं पान उलटल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "मॅडम, दोन्ही एकदम कधी थांबलेले नाहीत. एक तरी चालू असतोच."

"कल्पना आहे."

"यार्डात कोळसा भरलेला आहे."

"नोंद घेतली."

"बरं. दोन्ही संच बंद. सूचना समजली."

दुपारभर ती इतर कामं करत होती, पण डोळा जुन्या केंद्राच्या विजेच्या आकड्यावर होता. तो उतरत उतरत शून्यावर आला, आणि तिथेही थांबला नाही. शून्याच्या खाली जाऊन उभा राहिला. इतकी वर्षं वीज देणारं केंद्र आता स्वतःच्या दिव्यापंख्यांसाठी जाळ्यातून वीज मागून घेत होतं. नाकावरचा मास्क सारखा करायच्या निमित्ताने ती उठली, आणि व्हरांड्यात येरझारा घालून परत आली. त्या दिवसापासून तिला ती खोडच लागली. खुर्चीत बसवेना, उभं राहवेना.

दादाचा फोन येईल असं तिला वाटत होतं. नाही आला. तिने दोनदा लावला, तर दोन्ही वेळा वहिनींनी उचलला.

"घरात टिकतच नाहीत हो ताई," वहिनी म्हणाल्या. "दिवसातून चारदा फाटकापर्यंत जाऊन येतात. वॉचमन आत सोडत नाही, तर बाहेर उभे राहून त्या चिमणीकडे बघतात. आईंचं तर वेगळंच. त्यांना झोप लागत नाही. म्हणतात, तो घुमणारा आवाज नाही तर घर रिकामं झाल्यासारखं वाटतं."

शेवटी एका सकाळी त्याचाच फोन आला, तिच्या स्वतःच्या मोबाइलवर. इथे तो मॅडम म्हणत नव्हता.

"चिमे, तू जेवतेस ना वेळेवर?"

"हो रे. तू?"

"मला काय धाड भरलीय. बसून खातोय." मग थोडं थांबून, "लोक फोटो पाठवताहेत. आकाश कसं निळं झालंय म्हणून. आपल्या कॉलनीतलेच लोक. आई वाळत घातलेल्या चादरी दाखवते, बघ कशा पांढऱ्याशुभ्र राहिल्यात. मी काय करू त्या निळ्याचं आणि पांढऱ्याचं?"

"दादा, हे काही कायमचं नाही."

"नाही म्हणतेस?"

खोटं बोलायची तिला सवय नव्हती, आणि खरं तिला तरी कुठे ठाऊक होतं?

तिच्या अस्वस्थपणाचं दुसरंही एक कारण होतं, आणि ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. तिला त्या कामात मजा यायला लागली होती. रोज काहीतरी न पाहिलेलं घडत होतं. शहर उशिरा उठायला लागलंय, हे बाकीच्या जगाआधी तिला मागणीच्या रेघेवरून कळलं. कुणाला कुठे जायचंच नव्हतं, तर सकाळची घाई कशाची? दुपारी घराघरांतून पंखे आणि संगणक चालायचे. इस्पितळांचा भार रोज थोडा थोडा वाढत होता. आणि एका दुपारी तर निम्म्याहून जास्त वीज नुसत्या उन्हाची आणि वाऱ्याची होती. असं होऊच शकत नाही, जाळं कोलमडेल, असं मोठमोठे तज्ज्ञ आजवर सांगत आले होते. जाळं उभं होतं. ती आणि टेन्शन मिळून ते उभं ठेवत होते. सूर्य उतरताना पाण्यावरची केंद्रं आधीच जागी करून ठेवायची, ढग सरकताना वाऱ्याचा हात धरायचा, हे सगळं ती त्या दिवसांत शिकली.

"दहा वर्षांनी येणारी परीक्षा आपल्याला आत्ताच दिलीय," मोठे साहेब म्हणाले. मास्कच्या वर त्यांचे डोळे चमकत होते. "आणि तुम्ही पास होताय."

ती हसली, आणि पुढच्याच क्षणी पडद्यावरचा तो शून्याखालचा आकडा तिला दिसला. आपण कशात पास होतोय, हे तिला चांगलं कळत होतं. दादाविना कसं भागवायचं, याचाच तर तो पेपर होता.

मग कॉलनीत आजार शिरला. आधी शाळेमागच्या चाळीत, मग केंद्रातल्या माणसांत. वहिनींचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज इतका शांत होता की तिला आधी धसका बसला.

"त्यांना दवाखान्यात ठेवलंय. आपल्या कॉलनीच्याच. श्वास पुरत नाही म्हणतात. ऑक्सिजनच्या मशीनवर आहेत. आईंना अजून नीट सांगितलेलं नाही."

"मी येते."

"येऊन काय करणार ताई? मलाही आत सोडत नाहीत. व्हरांड्यात बसलेय."

ती मोठ्या साहेबांकडे गेली. बाहेर पडली तर परत आत येता येणार नव्हतं, आणि दुसऱ्या तुकडीतली तिघं माणसं आधीच आजारी होती. साहेबांनी नाही म्हटलं नाही. "तुम्ही ठरवा," एवढंच म्हणाले. ती तशीच परत खुर्चीत येऊन बसली. का बसली, हे तिला नंतरही कधी नीट सांगता आलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी मागणी कधी नव्हे इतकी खाली गेली. फ्रिक्वेन्सी कशीबशी जागेवर होती, पण तिला घोर लागला होता तो व्होल्टेजचा. लांबलांबच्या तारा रिकाम्या पडल्या की त्यांच्यावरचं व्होल्टेज फुगायला लागतं. एरवी त्या भागातलं मोठं वीजकेंद्र ती फूग स्वतःत घेतं आणि कुणाला पत्ताही लागत नाही. जाळ्याच्या कॉलनीकडच्या कोपऱ्यात ते काम दादाचं केंद्र करायचं. ते बंद होतं. उपकेंद्रांमधून व्होल्टेज जितकं उतरवता येतं तितकं उतरवून झालं होतं.

मोबाइल वाजला.

"ताई, मशीनं सारखी बंद पडताहेत," वहिनी म्हणाल्या. आता आवाज शांत नव्हता. "चालू करतात की परत बंद. इलेक्ट्रिशियन म्हणतो, वीज फार जोरात येतेय, मशीनं घेत नाहीत. नर्सबाई सिलिंडर लावताहेत, पण सगळ्यांना पुरेल इतके सिलिंडर नाहीत."

"जनरेटर?"

"तो चालतो आणि थांबतो. डिझेलसाठी माणूस पाठवलाय."

तिने फोन खाली ठेवला. मग मोठ्या साहेबांना बोलावलं.

"सर, त्या कोपऱ्यातल्या दोन लाइनींपैकी एक बंद करावी लागेल. व्होल्टेज लगेच खाली येईल."

"आणि सगळा भाग एका लाइनीवर लटकेल. ती गेली तर?"

"तर दवाखाना अंधारात. म्हणून पहिला संच पेटवायला हवा. आत्ता सांगितलं तर उद्या दुपारपर्यंत चालू होईल."

साहेबांनी आवाज खाली आणला. "एक विचारू? हे जाळ्यासाठी की भावासाठी?"

टेन्शनने मान खाली घातली.

"मला ते वेगळं करता येत नाहीये सर," ती म्हणाली. "खूप प्रयत्न केला. नाही येत."

"मग आपण एक करू. मला तो कोपरा दाखवा. गेल्या आठवड्यापासूनचा."

तिने दाखवला. व्होल्टेजची रेघ रोज दुपारी फुगत होती आणि रोज आदल्या दिवसापेक्षा वर जात होती. साहेबांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत पाहिलं.

"हे आपण दोन दिवस आधी करायला हवं होतं," ते म्हणाले. "लाइन बंद करा. आणि संच पेटवायला सांगा."

लाइन तिने बंद केली. पडद्यावरची एक रेघ विझली आणि त्या कोपऱ्यातला आकडा पायऱ्या उतरल्यासारखा खाली आला. पण केंद्राला फोन करायची वेळ आली तेव्हा तिने रिसीव्हर साहेबांपुढे धरला.

"हा तुम्ही करा सर. बंद करायला मी सांगितलं होतं. चालू करायला मी नाही सांगणार."

साहेबांनी रिसीव्हर घेतला.

दवाखान्यातली मशीनं चालू राहिली. पण पुढचा सगळा वेळ तिचा जीव टांगणीला लागला होता. उरलेली एकमेव लाइन झाडीच्या डोंगरातून जात होती आणि संध्याकाळी वारा सुटला. शिफ्ट संपली तरी ती उठली नाही. टेन्शनने तिला चहा आणून दिला. तो तिच्यासमोर निवून गेला. तो 'टेन्शन घेऊ नका' म्हणाला नाही, त्यावरून त्याला किती काळजी वाटतेय हे तिला कळलं. केंद्रातही माणसांची ओढाताण होती. बॉयलर पेटवणारे निम्मे लोक विलगीकरणात किंवा दवाखान्यात. कॉलनीतले तीन निवृत्त झालेले म्हातारे मास्क लावून, बायकामुलांशी भांडून, कामावर हजर झाल्याचं तिला नंतर कळलं. लाइन टिकली. दुसऱ्या दिवशी उन्हं कलायला लागली तेव्हा पहिला संच जाळ्यात आला.

"वाफ सोडल्याचा आवाज झाला ना," वहिनी सांगत होत्या, रडत होत्या की हसत होत्या ते कळत नव्हतं, "तर यांनी नर्सला खूण करून नळी बाजूला करायला लावली. म्हणाले, पहिला संच. दुसऱ्याचा आवाज वेगळा असतो. नर्स म्हणाली, बरं, आता गप पडा."

दादा हळूहळू त्यातून बाहेर आला. निर्बंध सैल झाले तेव्हा ती पहिल्यांदा कॉलनीत गेली. फाटकापासून घरापर्यंत लोकांनी तिला थांबवून थांबवून नमस्कार केले. आपल्या पोरीने केंद्र परत चालू केलं, कॉलनी वाचवली, असं सगळ्यांच्या तोंडी झालं होतं. आई दारातून तिच्याकडे नुसती बघत राहिली, जवळ घेता येईना म्हणून. दादा अंगणात खुर्ची टाकून बसला होता. शर्ट खांद्यावर टांगल्यासारखा दिसत होता, पण चेहरा उजळला होता. तिच्यासाठी त्याने दुसरी खुर्ची चांगली लांब मांडून ठेवली होती.

"कळलं ना तुमच्या लोकांना?" तो म्हणाला. "आमच्याशिवाय भागत नाही. ऊन-वाऱ्याच्या गप्पा ठीक आहेत. अडलं की कोळसाच."

तिने ठरवून आणलेलं सगळं एका क्षणात विसकटलं. आज नको, पुढच्या वेळी सांगू, असं मनात आलं. पण पुढच्या आठवड्यात या केंद्राचं काय करायचं ते ठरवायची बैठक होती, आणि तिथे तीच बोलणार होती. कुणा तिसऱ्याकडून त्याच्या कानावर जाणं तिला सहन झालं नसतं.

"दादा, त्या दिवशी आम्हाला तुमची वीज नको होती."

"म्हणजे?"

"वीज होती. भरपूर. व्होल्टेज धरून ठेवायला काहीतरी जड फिरणारं हवं होतं. तुमचा जनरेटर. त्याला फिरवायचा दुसरा उपाय नव्हता म्हणून कोळसा जाळला. आणि तो चालवायचा म्हणून दुसरीकडची स्वस्त वीज कमी केली."

तो ऐकत होता.

"सगळा उन्हाळा तुमच्या विजेशिवाय गेला. कुठेही कमी पडली नाही. पुढच्या आठवड्यात मला विचारणार आहेत. मी तेच सांगणार आहे."

"तू सांगणार."

"हो. जनरेटर तेवढा ठेवा, असंही सांगणार आहे. टर्बाइनपासून सोडवून छोट्या मोटरने फिरता ठेवता येतो. कोळसा लागत नाही."

दादाने आपले तळहात उलटेसुलटे करून पाहिले. "म्हणजे आम्ही नकोत," तो म्हणाला, "आमचं वजन हवंय."

"तसं नाही रे."

"तसंच आहे. तूच म्हणालीस आत्ता." तो उठला. उठताना त्याला धाप लागली, तशी ती पुढे झाली, पण त्याने हातानेच तिला लांब राहायला सांगितलं आणि आत गेला. आईने जेवायला वाढलं. तो बाहेर आला नाही.

बैठकीत ती जे माहीत होतं ते बोलली. तिच्या आधी बोललेल्यांनी केंद्राचं वय काढलं, धूर काढला. तिने फक्त त्या उन्हाळ्यात काय घडलं ते सांगितलं, व्होल्टेजसकट, दवाखान्यासकट. दवाखान्यात तिचा भाऊ होता, हेही सांगितलं. कुणीतरी म्हणालं, ते सांगायची गरज नव्हती. ती म्हणाली, मला होती.

वर्ष उलटायच्या आत केंद्र बंद करायचा निर्णय झाला. जनरेटर मात्र ठेवायचा ठरला. कॉलनीतल्या लोकांनी तिला शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ते तिच्याबद्दल बोलेनासे झाले. आई फोनवर हवापाण्याचं विचारायची आणि फोन ठेवायची. कुणाची बदली झाली, कुणी निवृत्ती घेतली. फिरत्या जनरेटरवर मोजकीच माणसं लागणार होती. त्यासाठी दादाने अर्ज केल्याचं तिला वहिनींकडून कळलं, आणि त्यापायी त्याचे जुने मित्र त्याच्याशी बोलायचे थांबलेत, हेही. तिने त्याच्यासाठी कुठे शब्द टाकला नाही. टाकला नाही म्हणूनही तिला चैन पडेना.

पुढे किती तरी महिन्यांनी त्याचा फोन आला.

"उद्या टर्बाइनची जोडणी सोडतोय," तो म्हणाला. "यायचं तर ये."

ती गेली. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये बोटांवर मोजण्याइतकी माणसं होती, त्यामुळे पावलांचे आवाज घुमत होते. बॉयलरकडून येणारे जाडजूड पाइप कापून त्यांची तोंडं पत्र्यांनी बंद केली होती. दादा गुडघ्यांवर बसून जोडणीचे शेवटचे बोल्ट सोडवत होता. तरुण फिटर हात पुढे करत होता, पण दादा त्याला पाना देत नव्हता. टर्बाइन आणि जनरेटर यांच्यामध्ये हातभर फट पडली. मग छोटी मोटर सुरू झाली आणि जनरेटर हळूहळू वेग घ्यायला लागला. टर्बाइन शेजारीच गप्प पडून होतं. घुमणं वाढत वाढत एका जागी स्थिर झालं, तसा तो जाळ्यात जोडला गेला.

दादाने जनरेटरच्या अंगावर तळवा टेकवला.

"चिमे," तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "मी दवाखान्यात नसतो तर त्या दिवशी पेटवलं असतंस?"

"व्होल्टेज तेवढंच फुगलं असतं तर, हो."

"आणि दोन दिवस आधी? तेव्हाही फुगलेलं होतं म्हणे."

तिला वाटलं होतं, हे त्याला माहीत नसेल. "तेव्हा माझ्या लक्षात आलं होतं," ती म्हणाली. "तुझ्यासाठी करतेय असं वाटेल म्हणून मी बोलले नाही."

फिटर पाने गोळा करत होता, त्याचा तेवढा खणखणाट.

"वेडीच आहेस," दादा म्हणाला. त्यात राग किती आणि माया किती, ते तिला ओळखता आलं नाही.

घरी आईने दोघांना एकाच टेबलावर वाढलं. "आता ते मशीन काय करतं?" तिने दादाला विचारलं.

"फिरतं."

"वीज?"

"बनवत नाही."

"मग तुला पगार कशाचा देतात?"

"हिलाच विचार," दादा म्हणाला आणि चमचा तिच्याकडे रोखला. वहिनी हसल्या, मग आईही हसली. ती मात्र अर्धवट जेवणातच होती, तेवढ्यात नियंत्रण केंद्रातून फोन आला. सौर प्रकल्पांवर अवकाळी ढग सरकत होते, टेन्शनला तिची सोबत हवी होती. तो 'टेन्शन घेऊ नका'ने सुरुवात करून पुढे सगळं काळजीचंच बोलला. दादाने तिला फाटकापर्यंत सोडायला येतो म्हटलं नाही, पण ती निघाली तेव्हा दारात उभा राहिला.

कॉलनीच्या रस्त्यावर एक ट्रक आडवा लागला होता. कोळसा यार्डात क्रेन चालवणाऱ्या एका जोडप्याचं सामान चढत होतं. चेहरे ओळखीचे, नाव आठवेना. ट्रकवाला आत सामान लावत होता आणि खाली नवराबायको लोखंडी कपाटाशी झटत होते. तिने गाडी थांबवली, हॉर्न वाजवला नाही. थोडा वेळ वाट पाहिली, मग उतरून बाईच्या बाजूने कपाटाला हात लावला. बाईने तिला ओळखलं. हात काढून घ्यावा की कसं, असं क्षणभर तिच्या चेहऱ्यावर आलं. मग तिने कपाट जरा अलीकडे सरकवून तिला धरायला जागा केली.

तिघांनी मिळून कपाट चढवलं. ट्रक निघाला, ती त्याच्यामागून हळूहळू गाडी चालवत मोठ्या रस्त्याला लागली. तिथे ट्रक डावीकडे वळला आणि ती उजवीकडे. समोर ढग भरून येत होते, आणि तिचा पाय आपोआप वेग वाढवत होता.